सरकारनं खर्च कमी करायचा म्हणजे नेमका कुणाचा?

गल्लीतला_गण्या

मंडळी, काल रात्री जेवताना आमच्याकडं महाभारत झालं म्हणून धागा काढतोय. दादा छोटा ठेकेदार आहे, गटारं, शाळेचं वॉल कंपाउंड असली कामं घेतो. त्याचं अकरा लाखाचं एक बिल चौदा महिने अडकलंय. काम पूर्ण, एमबी (कामाच्या मोजमापाची वही) लिहून झाली, सही झाली, आणि ऑफिसात गेलं की एकच उत्तर, निधी आला नाही. डंपरचा हप्ता काय थांबत नाही. तर काल तो भडकून म्हणाला सगळा पैसा त्या लाडक्या बहिणीत गेला, बंद करा ती योजना. वहिनी भाकरी वाढत होती, तिनं भाकरी ताटात टाकली (वाढली नाही, टाकली) आणि म्हणाली, माझे दीड हजार बंद झाले की तुमचे अकरा लाख उद्या येणारेत का?

दादा गप. मीपण गप, कारण मलाच माहीत नाही. टीव्हीवर रोज एक जण ओरडतो तिजोरीत खडखडाट आहे, दुसरा म्हणतो वित्तीय शिस्त उत्तम आहे. दोघं एकाच सरकारबद्दल बोलतायत. जाणकारांनी जरा समजेल असं सांगा, तूट खरंच एवढी आहे का, आणि खर्च कापायचा तर सुरुवात कुठनं?

निवृत्त_अण्णा

आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं, म्हणून थोडं लांबेल.

गण्या, टीव्हीवरचे दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळी तूट बोलतायत. २०२५-२६ चं बजेट घे, अजित पवारांनी मार्च २०२५ ला मांडलेलं. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. म्हणजे ४५,८९१ कोटी कमी पडतात. ही महसुली तूट, आपल्या भाषेत सांगायचं तर किराणा आणि लाइटबिल भरायलाच उधारी. राजकोषीय तूट म्हणजे रस्ते, धरणं सगळं धरून वर्षाला एकूण किती कर्ज काढायचं, ती सुमारे १ लाख ३६ हजार कोटी. हा आकडा राज्यात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या (सरकारच्या जमेच्या नव्हे) तीन टक्क्यांच्या आत बसतो, म्हणून मंत्री म्हणतात शिस्त उत्तम. घरासाठी कर्ज काढलं तर कोण नावं ठेवत नाही, पण किराण्यासाठी काढलं तर सासरा विचारणारच. एकूण कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा त्याच बजेटमधला अंदाज.

आता कापायचं कुठं. पगार, पेन्शन आणि व्याज या तिघांतच महसुलाचा निम्म्याहून जास्त पैसा जातो आणि त्याला हात लावता येत नाही (माझी पेन्शनपण त्यातच आहे, आधीच सांगतो, नंतर कोणी काढायला नको). राहिलेल्यातनं योजना आणि कामं. लाडकी बहीण जुलै २०२४ पासून, पहिल्या वर्षाला ४६ हजार कोटी जाहीर केलेले, पुढच्या बजेटात ३६ हजार कोटी. वहिनींना सांग, त्यांचा प्रश्न एकदम रास्त आहे. योजना बंद झाली तरी दादाचं बिल आपोआप निघत नाही, कारण कामांना मंजुरी देताना पैसे आहेत का हे बघितलंच नाही. बजेटात तरतूद पाच रुपयाची आणि निवडणुकीच्या तोंडावर नारळ पंचवीस रुपयाच्या कामांचे.

तिखट_जाळ

अण्णा सगळं बरोबर पण मूळ मुद्द्याला बगल देताय. २०२४ च्या निवडणुकीत बहिणींना दीड हजाराचे २१०० देतो म्हणाले, निवडून आल्यावर २१०० राहिले बाजूला आणि चाळणी लावली, सव्वीस लाख बायका निकषात बसत नाहीत असं जुलै २०२५ मधे सरकारच सांगत होतं. मग अर्ज मंजूर करताना काय झोपले होते काय?? त्याच सुमाराला शक्तिपीठ महामार्ग, नागपूर ते गोवा, तेव्हाच्या आखणीत ८०२ किमी, शेतकरी जमीन द्यायला तयार नाहीत तरी जून २०२५ मधे भूसंपादनाला वीस हजार कोटींवर मंजुरी. एक रुपयात पीकविमा मात्र परवडेना म्हणून बंद, आनंदाचा शिधा बंद. शिध्याचं काय होतं, शंभर रुपयात रवा साखर तेल डाळ, सणाला. काटकसर करायची तर ती रव्यापासूनच का सुरू होते एवढंच सांगा.

कोथरूडची_माई

तिखट, पीकविम्यात काय काय घोटाळे निघाले तेपण लिहा की. सरकारी जागेवर, दुसऱ्याच्या जमिनीवर विमे उतरवलेले. फुकट दिलं की कोणी बघत नाही हे माझं स्पष्ट मत, कोणाला राग आला तर येऊ दे. आणि गण्या, एक विचारू का? डंपर आहे म्हणालास ना घरात? ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर ते कुटुंब लाडक्या बहिणीत बसत नाही. शिवाय उत्पन्न अडीच लाखाच्या आत हवं. अकरा लाखाचं बिल वाल्याचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत??

गल्लीतला_गण्या

माई 🙏 डंपर दादाच्या सासऱ्यांच्या नावावर आहे. उत्पन्नाचं विचारू नका, बिलच निघालं नाही तर उत्पन्न कुठलं.

तिखट_जाळ

😂😂 सापडला गण्या. पण खरं सांगू, अख्ख्या महाराष्ट्राचं हेच आहे, तुझ्या एकट्याचं नाही.

लेस्टरचा_पाव्हणा

इकडची एक गोष्ट सांगतो कारण आम्ही हे भोगलंय. २०१० ला इंग्लंडमधे पंतप्रधान कॅमरन आणि अर्थमंत्री ओसबोर्न आले, तेव्हा तूट जीडीपीच्या (देशाच्या एकूण उत्पादनाच्या) दहा टक्क्यांच्या आसपास. जुन्या सरकारचा मंत्री लायम बर्न जाताना टेबलावर चिठ्ठी ठेवून गेला होता, पैसे उरलेले नाहीत अशी, त्यानं थट्टेत लिहिली आणि यांनी पुढं पाच वर्षं प्रचारात वाजवली. मग कापाकापी. राष्ट्रीय आरोग्य सेवेला हात लावायचा नाही, म्हाताऱ्यांच्या पेन्शनला नाही कारण ते मतदानाला हमखास जातात. मग उरलं कोण तर नगरपालिका. माझी मुलगी शनिवारी ज्या लायब्ररीत जायची ती आधी आठवड्यातनं तीन दिवस झाली, मग शेजारपाजारच्या म्हाताऱ्या बायका फुकट चालवायला लागल्या, मग एके दिवशी दारावर कागद.

आता गंमत अशी की तूट खरंच कमी झाली, २०१९ पर्यंत दोन टक्क्यांच्या आसपास आली. पण कर्ज जीडीपीच्या मानानं वाढलंच, कारण तूट कमी झाली म्हणजे कर्ज कमी झालं असं नसतं, बादली भरायचा वेग कमी होतो एवढंच. आणि उलट्या टोकालापण बघितलं, २०२२ ला नव्या पंतप्रधान लिझ ट्रस बाईंनी पैसे कुठनं आणणार हे न सांगता कर कमी केले, बाजारात व्याजदर भडकले, दीड महिन्यात बाई घरी. माझं घराचं कर्ज नेमकं त्याच वर्षी रिन्यूला होतं, जाऊ दे.

निवृत्त_अण्णा

पाव्हणं, लायब्ररीचं लिहिलंत ते फार बरोबर. आमच्याकडं पण कात्री तिथंच चालते जिथं ओरडणारा कोणी नाही. योजना बंद केली तर मोर्चा निघतो. पण भरलेली जागा रिकामी झाली आणि परत भरलीच नाही तर कुठं बातमी होते? आमच्या ऑफिसात सात क्लार्क होते, मी निघालो तेव्हा तीन. खर्च वाचला असं कागदावर दिसतं, आणि दादासारख्याची फाइल त्या तिघांच्या टेबलावर पडून राहते. मे २०२५ मधे तर मंत्री संजय शिरसाटच बोलले की सामाजिक न्याय खात्याचा निधी लाडक्या बहिणीकडं वळवला. म्हणजे वसतिगृहातल्या पोरांनी दिला. पोरं कुठं टीव्हीवर येतात.

अजून एक, राज्य सरकारला नोटा छापता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेमार्फत रोखे विकून उसने घ्यावे लागतात, ते व्याज पुढच्या वर्षीच्या बजेटात पहिल्या पंगतीला जेवायला बसतं. म्हणून एकतर खर्च कमी करा नाहीतर जमा वाढवा. जून २०२५ मधे दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं ते त्याच्यासाठीच.

तिखट_जाळ

म्हणजे बहिणीला दिले ते दाजीकडनं वसूल 😆

कोथरूडची_माई

हसू नका, ज्या घरात घडतं त्यांना विचारा.

मी स्पष्ट सांगते, गरजू बाईला पैसे जायलाच हवेत, आमच्या पोळीवाल्या बाई त्यातनं गॅस भरतात, नवऱ्याला मागावे लागत नाहीत. पण नोकरदाराच्या बायकोनं, डंपरवाल्याच्या बायकोनं स्वतःहून सोडावं.

गल्लीतला_गण्या

माई, सकाळी तुमचा मेसेज वहिनीला वाचून दाखवला. म्हणाली, त्या अण्णांना विचार पेन्शन सोडणार का. 😅

ती म्हणते दादाच्या हातात पैसा आला की डिझेल आणि हप्ता, चौदा महिने घर तिच्याच दीड हजारावर आणि दुधावर चाललंय, पोराची ट्यूशन त्यातनंच गेली. तरी योजनेच्या केवायसीचा (ओळख पडताळणीचा) ओटीपी आला तेव्हा फोन हातात धरून बसली होती, बराच वेळ टाकला नाही. दादानं विचारलं काय झालं, तर म्हणाली तुमचं बिल निघू दे, मग सोडते.

अण्णा, ते बिल जिल्ह्याला अडकलंय का मंत्रालयात, हे बघायचं कुठं तेवढं सांगा. माहिती अधिकार टाकू का?

निवृत्त_अण्णा

टाक. पण "बिल का दिलं नाही" असं विचारू नकोस, उत्तर येतं निधी नाही. त्या लेखाशीर्षाखाली (बजेटातल्या ज्या खात्यातनं ते काम होतं त्याखाली) यंदा निधी किती आला, कुठल्या तारखेला आला आणि कुठल्या कुठल्या बिलांना गेला, ते मागव. तारखेवार. दादाच्या नंतरची बिलं आधी निघालेली दिसली तर मला व्यनि (खाजगी निरोप) कर.