तागाची पिशवी: रॉकेलसारखा वास, काळे ठिपके आणि उसवणारे बंद

रानवाट: तागाच्या नव्या पिशव्यांना रॉकेलसारखा वास येतोय. त्यांत धान्य ठेवलं तर चालेल का? एक पिशवी गरम पाण्यात पावडर टाकून रात्रभर भिजवली, तर ती आक्रसली, आतलं अस्तर सुटलं आणि दोन दिवसांत काळे ठिपके आले. शिवाय जड सामान भरलं की पिशवी धरायचे बंद शिवणीतच उसवतात. काय चुकतंय?

उभाआडवा: वास तेलाचा आहे. तागाचा तंतू राठ असतो. विंचरताना तुटू नये म्हणून त्याला आधी तेल-पाण्याचं मिश्रण देतात, आणि हे तेल बहुधा खनिज असतं. कॉफी, कोको, दाण्यांच्या पोत्यांसाठी वनस्पती तेल वापरतात. त्या पोत्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, ज्याचा साबण होत नाही असा तेलकट अंश (खनिज तेल यातच मोडतं) किलोमागे १२५० मिलिग्रॅमपेक्षा कमी लागतो. तेव्हा धान्यासाठी अन्नयोग्य असं स्पष्ट लिहिलेलीच पिशवी घ्या. साध्या पिशवीला वारा दिला की वास उतरतो, पण तेल तिथेच राहतं.

सुतळी: रात्रभर भिजवणं हीच मुख्य चूक. पाण्यात धागा जाडीला फुगतो, मग लांबीला आखडतो. सुती कापड ओलं झाल्यावर बळकट होतं, ताग मात्र कमजोर पडतो, म्हणून पिळायचा नाही. डाग पडलाय तेवढीच जागा गार पाणी आणि सौम्य साबणाने पुसा, लगेच सपाट पसरून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात नको: तागात ११ ते १३ टक्के लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) असतं, ते उन्हाने पिवळं-तपकिरी पडतं. ब्लीचने तंतूच खराब होतो. काळे ठिपके बुरशीचे आहेत. पिशवी हवेतली ओल ओढते, त्यामुळे दमट दिवसांत आतलं धान्यही सर्द होतं. भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा.

उभाआडवा: बंदांचं कारण वेगळं. तागाचा तंतू तुटण्याआधी जेमतेम दीड-दोन टक्के ताणतो, म्हणून झटका थेट शिवणीवर येतो. बंद काठाला नुसता टाचू नका. पट्टी तळाखालून वळवून दोन्ही बाजूंनी वर आणा. काठाजवळ चौकोन शिवून आत फुलीची शिवण घाला. टाके ४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, फार बारीक टाक्यांनी कापडाला भोकांची रांग पडते. कड २ सेंटिमीटर दुमडा, गोणपाट फार सुटतं.

रानवाट: फाटलेली पिशवी खतात टाकू का?

सुतळी: आधी अस्तर काढा. त्याचा तुकडा चिमट्यात धरून पेटवून पाहा: वितळून गोळी झाली तर प्लास्टिक. नुसता ताग कागदासारखा जळतो, मऊ राख उरते. तो बारीक कापून हिरव्या पाल्यात मिसळा. एकटा टाकला तर कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो.