मेंदू संगणक आहे का, आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवावे का?

मूळ धागा:
मी मानसशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गाला शिकवतो. ‘मेंदू हा संगणक आहे का?’ असे विचारले की काही जण ठामपणे ‘हो’ म्हणतात, काही तितक्याच ठामपणे ‘नाही’, आणि दोन्ही पक्षांच्या डोळ्यांसमोर लॅपटॉपच असतो. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली आपले काल्पनिक गणनयंत्र मांडले तेव्हा ‘कॉम्प्युटर’ म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करणारा माणूस होता. संगणन ही वस्तू नव्हे, नियमबद्ध प्रक्रिया आहे.

शुल्ट्झ, दायान आणि माँटेग्यू या मेंदू-संशोधकांचा १९९७ सालचा लेख पाहा. माकडाला अनपेक्षितपणे रस मिळाला की त्याच्या डोपामिन-पेशी (डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी) उसळतात, म्हणजे त्यांचे विद्युत-संदेश वाढतात; दिव्यामागोमाग रस येतो हे ते शिकले की तीच उसळी दिव्यापाशी सरकते; आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या रसाच्या वेळी पेशींच्या संदेशांची गती घटते. मिळालेले वजा अपेक्षिलेले, अशी ही वजाबाकी आहे. ती समजण्यासाठी संभाव्यता, थोडे बीजगणित आणि संगणन-सिद्धांत बी.ए.पासून सक्तीचे करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १:
पूर्ण असहमत. ग्रहाची कक्षा समीकरणात बसते म्हणून ग्रह समीकरण सोडवत असतो असे आपण म्हणत नाही. मग पेशींबाबत का म्हणायचे? सी. एलिगन्स या कृमीच्या अवघ्या ३०२ चेतापेशींचा जोडणी-नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला, तरी केवळ त्यावरून त्याचे सगळे वर्तन आजही सांगता येत नाही. शिवाय मी समुपदेशन करते. दहावीनंतर गणित सोडून कला शाखेत आलेली कित्येक मुले माणसाचे बोलणे विलक्षण नीट ऐकतात, आणि सक्ती झाली तर हा विषय नेमक्या त्यांनाच गमवावा लागेल.

प्रतिसाद २:
मी विद्यार्थिनी आहे. ‘मेंदू संगणक नाही’ असे म्हणायलाही हे प्रशिक्षण लागते. योनास आणि कोर्डिंग यांनी २०१७ साली मेंदूविज्ञानाच्या पद्धती ६५०२ या जुन्या चिपच्या प्रतिरूपावर वापरल्या. एकेक ट्रान्झिस्टर निकामी केल्यावर काहींमुळे फक्त ‘डाँकी काँग’ हाच खेळ बंद पडला. पण म्हणून ते ‘डाँकी काँगचे ट्रान्झिस्टर’ ठरत नाहीत. मेंदूच्या इजांवरून आम्ही मात्र असेच निष्कर्ष पाठ करतो, आणि संख्याशास्त्राच्या नावाखाली एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरची बटणे दाबायला शिकतो.

मूळ लेखक, प्रतिसाद १ ला:
ग्रहाचा आक्षेप वजनदार आहे, पण रस न आल्याच्या क्षणाकडे पुन्हा पाहा. त्या क्षणी बाहेर काहीच घडत नाही, तरी पेशी बदलते. म्हणजे न आलेल्या रसाच्या जागी आत काहीतरी उभे आहे. ग्रहाच्या बाबतीत असे काही दाखवता येत नाही. सक्तीबाबत मात्र तुमची काळजी मला पटते, म्हणून ‘सक्ती’ हा शब्द मी मागे घेतो. रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांचे शिकण्याविषयीचे १९७२ सालचे सूत्र मी फळ्यावर आकड्यांनीच शिकवतो: अपेक्षा ०, बक्षीस १००, दर वेळी उरलेल्या फरकाचा निम्मा भाग मिळवायचा, ५०, ७५, ८७.५. एवढे गणित दहावीनंतर विषय सोडलेल्यांनाही येते.

प्रतिसाद १:
हा तास मी माझ्या वर्गात घेऊन पाहीन. पण पती गेल्यानंतरही रोज संध्याकाळी दोन कप चहा ठेवणाऱ्या बाई माझ्यासमोर बसतात, तेव्हा तिथली अपेक्षा पुढच्या वजाबाकीत शून्याकडे का जात नाही, हेही तुम्ही त्याच फळ्यावर मांडून दाखवावे.