प्लॅटिनम हायड्रोजन 'शोषतं' की नुसतं 'धरतं'?

चौकस: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठीत तक्ता लिहून देतेय. पाण्याच्या विद्युत अपघटनात, म्हणजे वीज सोडून पाणी फोडताना, ऋणाग्रावर (ऋण टोकाच्या धातूवर) हायड्रोजन कसा सुटतो, हा विषय. मी लिहिलं, 'प्लॅटिनम हायड्रोजन शोषून घेतं आणि सोडतं.' तपासणाऱ्या सरांनी 'शोषून'वर लाल फुली मारून 'अधिशोषण' केलं. सातवीच्या पोरांना काय कळणार? सोपा शब्द सुचवा.

प्रयोगवही: फुली योग्य आहे हो. शोषण म्हणजे आत मुरणं, अधिशोषण म्हणजे नुसतं पृष्ठभागावर चिकटणं. इथे प्रोटॉन इलेक्ट्रॉन घेतो आणि हायड्रोजनचा अणू होऊन धातूच्या पृष्ठभागावर बसतो. मग शेजारचे दोन अणू जुळतात, नाहीतर बसलेल्या अणूला आणखी एक प्रोटॉन-इलेक्ट्रॉन येऊन मिळतो, आणि बुडबुडा सुटतो. सगळं पकडीवर आहे. पाऱ्याची पकड फार सैल, अणू बसतच नाही. टंगस्टनची इतकी घट्ट की सुटत नाही. प्लॅटिनम मधलं. म्हणून पाणी फोडायला किमान लागणाऱ्या १.२३ व्होल्टच्या वर जो जादा विद्युतदाब द्यावा लागतो, त्यातला ऋणाग्राचा वाटा प्लॅटिनमवर अगदी थोडा. पॅलेडियम मात्र खरोखर शोषतं, स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन! दोन्हीकडे 'शोषण' लिहिलंत तर फरकच बुडाला.

माजघर: आमच्याकडे चुलीवरच्या टोपाला काजळी 'धरते'. बुडात मुरत नाही, वरच असते, घासली की जाते. 'प्लॅटिनमवर हायड्रोजन धरतो' लिहा की.

प्रयोगवही: क्रियापद झकास. पण नाम काय करणार? 'धरण' म्हटलं की कोयना आठवणार.

मुळाक्षर: नाम लागतंच, म्हणून संस्कृतकडे जावं लागतं. 'उत्प्रेरक' बघा, म्हणजे प्लॅटिनमसारखा क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ. प्रेरणा देणारा, ऐकताच उमगतो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८३५ साली ग्रीकवरून 'कॅटॅलिसिस' घडवला, त्याच्या मुळाशी 'सोडवणं' आहे. आपला शब्द सरस.

माजघर: ऐकताच कुणाला उमगतो? माझ्या आईला नाही. तिला 'विरजण' उमगतं.

प्रयोगवही: ताई, विरजण दुधात वाढतं आणि दह्यातच राहतं. उत्प्रेरक शेवटी होता तेवढाच उरायला हवा. ही उपमा मुलांच्या डोक्यात एकदा बसली की निघत नाही, वर्गात अनुभव घेतलाय.

माजघर: मग तुम्ही द्या घरातला दुसरा शब्द.

चौकस: तक्ता उद्या द्यायचाय. 'पृष्ठशोषण' चालेल?

मुळाक्षर: त्यात पुन्हा 'शोषण' आलंच. आणि मुळात 'अपघटन' का? आम्ही 'विच्छेदन' शिकलो.

माजघर: विच्छेदन बेडकाचं!