लग्नात गर्द निळी पैठणी चालेल का? आणि त्यावर काय काय घालू?

गर्दनिळी:
मार्गशीर्षात लग्न आहे, कोथरूडला कार्यालय, मुहूर्त गोरज. सगळ्या बहिणींच्या लग्नात पिवळं, हिरवं नाहीतर लाल बघून झालंय, मला मंगलाष्टकांना गर्द निळी पैठणी हवीये, काठ राणी कलरचे. आईला चालतंय. होणाऱ्या सासूबाई नाही म्हणत नाहीयेत पण "फोटोत काळी दिसेल हो" असं दोनदा म्हणून झालंय, म्हणजे काय ते समजा. आजीचं तर सरळच, काळ्याच्या जवळपासचं काही नेसून बोहल्यावर चढायचं नाही. शिवाय हिरवा चुडा त्यावर कसा दिसेल, दागिने मोत्याचे की सोन्याचे, नवऱ्याने काय घालायचं, सगळाच गोंधळ आहे, प्लीज सांगा.

कर्वेनगरची_आत्या:
अगं अष्टपुत्री आहे ना! गौरीहरापाशी तीच पिवळी नेसून बसायचंय, आजींचं समाधान तिथेच होईल. पुढे मुहूर्ताच्या साडीला काळा सोडला तर आमच्याकडे तरी कोणी रंग विचारत नाही. (आणि हीच मंडळी संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकळा कौतुकाने नेसवतात, ते असो.) पण सासूबाईंचं अगदीच चुकीचं नाहीये हां. गोरज म्हणजे थंडीत अंधारच पडलेला असतो.

पदर_आणि_पिना:
+१. एकदम गर्द निळा पिवळ्या लाइटखाली काळाच दिसतो. त्यापेक्षा धूपछाव बघ, उभा धागा निळा आणि आडवा राणी किंवा जांभळा असला की हललीस की रंग बदलतो, फोटोत जड वाटत नाही. लक्ष्मी रोडला दुकानातल्या ट्यूबलाइटवर अजिबात जाऊ नकोस, साडी दारापर्यंत आणून उन्हात दाखवा म्हणायचं, कुरकुर करतात पण आणतात. मग आत पिवळ्या बल्बखाली खांद्यावर टाकून फोटो काढ, तोच सासूबाईंना पाठव. आणि हातमागाची म्हणून देत असतील तर पदर उलटा करून बघ, मोर मागूनही पुढच्यासारखेच स्वच्छ दिसले पाहिजेत, मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती मशीनची, किंमत त्या हिशोबाने बोल.

खडूस_पेठकर:
अल्बम नंतर कोणी उघडत नाही. जेवणात मठ्ठा आहे का ते सांगा.

नथवाली:
चुड्याचं टेन्शन नको, हिरवी काच निळ्यावर छान उठते, फक्त बाटली-हिरव्या बांगड्या घेऊ नकोस, त्या साडीत बुडून जातात, जरा उजळ हिरवा घे आणि मध्ये पाटल्या-तोडे घाल म्हणजे सोनं मध्ये येऊन दोन्ही रंग सुटे दिसतात. गळ्यात मोती, तन्मणी आणि चिंचपेटी बास, मुंडावळ्या नि नथही मोत्याचीच त्यामुळे चेहऱ्याजवळ सगळं एका जातीचं दिसतं. सोन्याचं हवंच असेल तर लांब मोहनमाळ, ठुशी-बिशी सगळं एकत्र चढवू नकोस. ब्लाऊज मात्र निळा नको, काठाचा राणी कलर घे, अस्तर सुती लाव, होमापाशी बसल्यावर कळेल का ते. शेल्याची घडी बारीक करून पिन कर नाहीतर पदरावरचे मोर झाकले जातात, एवढे पैसे मोरांचेच दिलेले असतात. नवऱ्याला ऑफव्हाइट सिल्कचा कुर्ता-धोतर आणि राणी कलरचं उपरणं. त्यालाही निळा दिलास तर बँडवाल्यांचा युनिफॉर्म वाटेल 😄

गर्दनिळी:
खूप थँक्यू सगळ्यांना! निळा-राणी धूपछाव बघून आले, दारात मोरपिशी आणि आत जांभळट दिसतोय, सासूबाईंना फोटो पाठवला तर "ही बरी आहे" आलं, म्हणजे पास. आजीला मी फक्त मोरपिशी म्हणूनच सांगणारे. पेठकर काका, मठ्ठा आहे, जिलबीपण आहे. आता कोथरूड-कर्वेनगर साइडला चांगला ब्लाऊज शिवणारं कोणी माहिती असेल तर कळवा, लग्नसराई म्हणून जिकडे जावं तिकडे पुढच्या महिन्याची तारीख देतायत.