अनुभव धागा: अधिकाऱ्यांच्या हाती अधिकार किती असावेत?

महालकर: हिवाळी अधिवेशनामुळे नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील रस्ते अडवलेले पाहिले आणि वडिलांचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील नावबदल, आठवला. तलाठ्याने वारसनोंद घेतली होती, हरकतीची 15 दिवसांची मुदत कुणाचीही हरकत न येता संपली होती, तरीही नोंद प्रमाणित होत नव्हती. लेखी नकार मिळाला असता तर अपील करता आले असते. 'नंतर या' याविरुद्ध अपील कुठे करायचे? अधिकाऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकार जरूर असावा, गप्प बसण्याचा नसावा. आपले अनुभव लिहावेत.

निवृत्त कक्ष अधिकारी: गप्प बसण्यामागे दरवेळी लोभच असतो असे नाही. सही केल्यास काही वर्षांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप माझ्या नावावर येतो, न केल्यास कुणी विचारत नाही. 2005 च्या विलंब प्रतिबंध कायद्यानुसार नस्ती, म्हणजे फाइल, एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहू नये, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच सातव्या दिवशी 'कृपया चर्चा करावी' असा शेरा मारून ती खाली पाठवली जाई.

गडरग्रस्त: मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा राजकारण गेले म्हणून मी खूश होतो. पुढे गडर (गटार) तुंबले, आणि ज्याला पानठेल्यावर गाठून जाब विचारावा असा नगरसेवकच उरला नव्हता.

धरमपेठी: उलट बाजूही पाहावी. 2020 मध्ये तुकाराम मुंढे महापालिकेचे आयुक्त होते, त्यांचे सभागृहाशी पटले नाही आणि सुमारे सात महिन्यांत बदली झाली. आमच्या गल्लीत त्यावर घरोघरी भांडणे झाली, आमच्या घरी तर जेवणाच्या ताटावरच. बदलीची टांगती तलवार असलेल्या अधिकाऱ्याला फार अधिकार आहेत, हे मला पटत नाही.

सेतूवाली ताई: 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात विनाकारण विलंबासाठी 500 ते 5000 रुपये शास्ती आहे. अधिवास प्रमाणपत्रासाठी मी पहिले अपील केले, आणि सुनावणीआधीच प्रमाणपत्र तयार असल्याचा फोन आला.

महालकर: ताई, अपिलासाठी काय जपून ठेवावे?

सेतूवाली ताई: आवक क्रमांक व तारीख असलेली पोच. परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासूनच मुदत मोजतात, त्यामुळे 'कागदपत्रांत त्रुटी आहे' असे कुणी म्हटल्यास ती त्रुटी लेखी मागून घ्यावी.