मधूनच गरम हवा मारणाऱ्या एसीत आधी गॅस भरणं म्हणजे निव्वळ टोलवाटोलवी

बॉनेटउघडा
कारच्या एसीची तक्रार सांगितली की समोरून ठरलेलं उत्तर येतं: "गॅस कमी झालाय, भरून टाकू." हवा कायमच गरम येत असेल तर एक वेळ समजू शकतो. पण अर्धा तास छान गार, मग दहा मिनिटं गरम, मग आपोआप पुन्हा गार, असं होत असेल तर गॅस काय बाहेर फेरफटका मारून परत येतो? एसीचं सर्किट बंदिस्त असतं. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळाला, आणि गळालेला परत येत नाही.

माझं म्हणणं: बिघाड नेमका कधी होतो ते आधी बघा, गेज (गॅसचा दाब मोजणारं मीटर) नंतर लावा. सिग्नलला उभं असताना गरम आणि गाडी पळायला लागली की गार? कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) फॅन बघा. लांबच्या प्रवासात झोतच बारीक होत गेला आणि थोडा वेळ एसी बंद ठेवल्यावर सगळं ठीक? आतल्या, हवा गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ धरतोय. कॉइलचा तापमान सेन्सर आणि केबिन फिल्टर तपासा. झोत तेवढाच, पण इंजिन नीट तापल्यावरच हवा गरम? मग कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणारा पंप) क्लच, म्हणजे त्याला बेल्टवरच्या पुलीशी जोडणारा भाग, किंवा त्याचा रिले (विजेचा स्विच). यातल्या एकालाही गॅसचं औषध लागू पडत नाही.

गेजवाला
ऐकायला झकास, पण अर्धवट. गॅस परत येत नाही, मान्य. दाब मात्र परत येतो. गॅस कमी असला की लो साइडचा (कॉम्प्रेसरकडे परत येणारी कमी दाबाची बाजू) दाब खाली जातो, प्रेशर स्विच किंवा सेन्सर कॉम्प्रेसर बंद करतो. कॉम्प्रेसर थांबला की दोन्हीकडचे दाब बरोबरीला येतात, स्विच तो पुन्हा चालू करतो. आत बसलेल्याला काय जाणवतं? गार, गरम, गार.

बर्फाचंही तेच. कारच्या एसीतल्या आर-१३४ए गॅसचा दाब गेजवर १.९ बारच्या आसपास आला की कॉइलमध्ये तो शून्य अंशाला उकळतो. गॅस कमी असेल तर दाब त्याच्याही खाली उतरतो आणि कॉइलचं तोंड गोठतं. तुम्ही सेन्सर आणि फिल्टर बदलत बसाल, लीकेज तिथेच. म्हणून गेज आधी.

बॉनेटउघडा
गॅस कमी असल्यामुळे क्लच टकटक करतो तो काही सेकंदांच्या अंतराने. मी दहा-दहा मिनिटांच्या खेळाबद्दल बोलतोय. हा फरक कळायला गेज लागत नाही, कान लागतात.

आणि गेज आधी लावून तरी काय कळतं? बंद गाडीत, ३० अंश तापमानाला आर-१३४एचा दाब ६.७ बारच्या आसपास दिसणार. सर्किटमध्ये थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी आकडा तोच, गॅस पूर्ण असो की निम्मा. तो आकडा दाखवून "भरावा लागेल" म्हणणारे मी पाहिलेत.

गेजवाला
बंद गाडीवर गेज लावून निदान करतो तो मेकॅनिकच नव्हे, त्याचा राग माझ्यावर कशाला? कॉम्प्रेसर चालू असताना दोन्ही बाजूंचे दाब बघायचे. तरी शंका राहिली तर सगळा गॅस मशीनने काढून वजन करायचं आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमशी ताडून बघायचं. लहान गाडीत सगळा मिळून अर्धा किलोच्या आसपास गॅस असतो, त्यात शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो. अंदाजाने वरून भरला आणि जास्त झाला तर हाय साइडचा (जास्त दाबाची बाजू) दाब वाढून स्विच कॉम्प्रेसर बंद करणार, म्हणजे परत मधूनच गरम!

जुनापुली
तुमचं गेजपुराण चालू द्या, पण क्लचबद्दल कुणी धड लिहीत नाहीये. पुली आणि पुढची प्लेट यांच्यात फट असते, बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर. प्लेट झिजते तशी ती वाढते. गार असताना क्लचमधल्या तांब्याच्या कॉइलचं चुंबक प्लेटला खेचतं. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, २० अंशांवरून १०० अंशांवर गेला की सुमारे ३० टक्के. करंट घटतो, ओढ कमी पडते, प्लेट सुटते. थोडं निवलं की पुन्हा चिकटते.

खूण सोपी आहे. हवा गरम यायला लागली की गाडी कडेला घ्या, इंजिन चालू ठेवून लांबूनच बघा: पुली फिरतेय, मधली प्लेट स्थिर. अशा वेळी कनेक्टरवर पूर्ण व्होल्टेज येत असेल तर दोष क्लचचा. येत नसेल तर मागे रिलेकडे चला. (मोजायचं काम जाणकाराकडून करून घ्या. बेल्टजवळ हात आणि ओढणी अजिबात नको.) फट जास्त असेल तर आतली एक शिम (पातळ चकती) काढून काम भागतं. अख्खा कॉम्प्रेसर बदलायला सांगतील, जरा धीर धरा.

मागचीसीट
अनेक नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लचच नसतो हो. पुली कायम फिरते, आत कंट्रोल व्हॉल्व्ह कमी-जास्त करतो. तिथे काय बघणार? शिवाय इंजिन फार तापलं किंवा पेडल पूर्ण दाबलं तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मुद्दामच कॉम्प्रेसर बंद करतो. स्टार्ट-स्टॉपमध्ये (सिग्नलला आपोआप) इंजिन बंद झालं की बेल्टवरचा कॉम्प्रेसरही बंद. मालकाने डॉक्टरकी करू नये, स्कॅनर लावून गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्याकडे जावं.

बॉनेटउघडा
जावंच. पण "एसी नीट नाही" एवढंच सांगून गाडी ठेवली की ती तिथे मस्त गार हवा देते, आणि ते म्हणतात "आम्हाला तर काही दिसलं नाही".

कोरडाव्हॅक्यूम
एक कारण सगळ्यांनी सोडलं: ओलावा. सर्किट उघडल्यावर नीट व्हॅक्यूम केलं नाही (आतली हवा ओढून काढली नाही), ओलावा शोषणारा ड्रायर जुनाच ठेवला, तर आत राहिलेलं पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये गॅस सोडणारा व्हॉल्व्ह) बारीक भोकात गोठतं. गॅस अडतो, हवा गरम. बर्फ वितळला की परत गार. कॉइल गोठण्यासारखंच वाटतं, पण इथे झोत कमी होत नाही. नुसता गॅस भरणाऱ्याने हे कधीच सुटत नाही. आणि लीकेज न शोधता भरलेला आर-१३४ए शेवटी हवेतच जातो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो.

गेजवाला
ओलाव्याचं पटलं. तेही लो साइडचा काटा व्हॅक्यूमकडे जाताना दिसतं, गेजवरच. बॉनेटउघडा, आता सांगा: एका बाजूच्या व्हेंटमधून गार, दुसऱ्या बाजूने मधूनच कोमट. तुमची बघायची पद्धत काय म्हणते?

बॉनेटउघडा
गार-गरम हवा मिसळणाऱ्या फ्लॅपची मोटर. तापमानाचा नॉब फिरवताना डॅशबोर्डमागे टकटक होते का ते ऐका.

गेजवाला
आणि टकटक नसेल तर? गॅस कमी असताना कॉइलचा अर्धाच भाग गार होतो, तेव्हाही हुबेहूब असंच वाटतं.

बॉनेटउघडा
टकटक नसेल तर लावा गेज. दुसऱ्या नंबरला.