ड्रेस्डेनहून प्राग : ट्रेनच बरी

वर कोणीतरी म्हटलंय की बर्लिनला शिकणाऱ्या पोरांनी प्रागला बसने जावं, स्वस्त पडते. पडत असेल, पण ड्रेस्डेननंतर एल्ब नदीच्या अगदी काठाकाठाने जाणारा तो पट्टा बसमधून दिसत नाही हो! प्रागकडे जाताना डावीकडची खिडकी पकडा, सीमेजवळच्या बाड शांडाऊ गावाच्या आसपास वाळूच्या दगडाचे उंच सुळके दिसतात, मोबाईल बाजूला ठेवून बघा. तिकीट चेक प्रजासत्ताकाच्या रेल्वेच्या साईटवरही बघा, लवकर काढलं तर बऱ्याचदा तिथे स्वस्त मिळतं.

होलेशोव्हित्से स्टेशनला प्राग आलं म्हणून घाईत उतरू नका, मेन स्टेशन पुढे आहे आणि तिथलं १९०९चं जुनं घुमटाचं दालन वरच्या मजल्यावर आहे, बहुतेक लोक खालूनच मेट्रोकडे पळतात. चलन युरो नाही, कोरुना. एटीएम रक्कम तुमच्या खात्याच्या चलनात बदलू (कन्व्हर्जन) का विचारतं, सरळ नाही म्हणायचं. मेट्रोचं कागदी तिकीट पिवळ्या मशीनमध्ये पंच केल्याशिवाय चालत नाही, नाहीतर दंड. आणि पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट ओरिजिनलच न्या, परतताना जर्मन पोलीस डब्यात चढून बघतात कधीकधी.